त्या उन्हाळ्यातला कडू घास

या उन्हाळ्यात ओम स्काउटच्या कॅम्पला जाणार आहे. आठवीचा शेवटचा पेपर देऊन तो घरी आला, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता म्हणाला, "पप्पा, तिथं मोबाईल न्यायचा नाही. आणि स्वयंपाक आपला आपणच करायचा." दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच भयंकर वाटत असाव्यात. आतून त्याची आई म्हणाली, "साधा चहा जमत नाही याला. उपाशी राहील पोरगं."

दुपारची वेळ होती. नगरजवळच्या नागापुरातल्या आमच्या गल्लीत ऊन असं उतरतं की पत्र्यांचा कडकड आवाज येत राहतो. माझी पहिली पाळी नुकतीच संपली होती, हातांना अजून वर्कशॉपमधल्या कूलंटचा वास होता. पण खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला बारीक पांढरा मोहर आला होता आणि वाऱ्याच्या एका झुळकेसरशी तो गोडसर वास घरात शिरला. त्या वासानं मी कुठल्या कुठे गेलो. पारनेर तालुक्यातला एक खडकाळ माळ, सुट्टीमुळे बंद असलेली शाळा, तिच्यामागं अर्ध्यावर आटलेला पाझर तलाव, आणि चिंचांच्या सावलीत ओळीनं उभे केलेले मळकट तंबू.

आमची शाळा शेवगाव तालुक्यातली. म्हस्के सर आम्हाला भूगोल शिकवायचे आणि स्काउटचं पथकही तेच चालवायचे. बारीक अंगाचे, मोठ्या कानांचे, खिशात कायम शिट्टी. ते म्हणायचे, "ज्याला स्वतःचा भात शिजवता येत नाही, त्यानं जगाच्या नकाशावर बोट ठेवू नये." आमच्या घरच्यांना मात्र हा सगळा रिकामा उद्योग वाटे. माझे वडील म्हणाले होते, "सुट्टीत रानात कामं पडल्यात, आन ह्यो चालला तंबू ठोकाय." तरी त्यांनी जाऊ दिलं. आईनं शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, ते पहिल्याच संध्याकाळी संपले.

कॅम्प म्हणजे काय असतो हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आठवतात ते वास आणि आवाज. उन्हानं तापलेल्या तंबूच्या जाड कापडाचा वास. ओल्या सुतळीचा वास. पहाटे शिट्टी वाजली की अंगावरची वाकळ ओढत कुणीतरी दिलेली शिवी. दक्षमध्ये उभं राहिल्यावर गुडघ्याला चावणारी मुंगी, आणि हलायचं नाही म्हणून डोळ्यांत आलेलं पाणी. गाठी शिकताना सर एकेकाच्या बोटांवर बोटं ठेवून दोरी फिरवायचे. डाव्या हातानं हस्तांदोलन करायचं हे कळल्यावर आम्ही दिवसभर एकमेकांचे डावे हात दाबत फिरलो होतो. निखाऱ्यात पुरलेले बटाटे बाहेर काढून फुंकर मारत खाल्ले, तेव्हा ओठ काळे झाले आणि एकमेकांची तोंडं बघून आम्ही जमिनीवर लोळलो.

दिवेलागणीला मात्र सगळ्यांचे चेहरे उतरायचे. घराची सय नेमकी तेव्हाच यायची. कुणी पोटात दुखतंय म्हणायचं, कुणी थंडी वाजतेय म्हणून तोंडावर पांघरूण घ्यायचं. एप्रिलातली थंडी! सरांना सगळं कळायचं. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "ज्याला रडायचं असेल त्यानं तळ्याकडं तोंड करून रडावं आणि तोंड धुऊन परत यावं. पाणी तिथंच आहे." आमच्यातली चार-पाच पोरं खरंच तळ्याकडं गेली. त्यात मीही होतो. काठावर अंतर ठेवून आम्ही बसलो, एकमेकांकडं न बघता रडलो, तोंडं धुतली आणि परत येऊन खिचडी खाल्ली. कुणीच कुणाला चिडवलं नाही.

नवनाथ मात्र कधी तळ्याकडं गेला नाही. तो माझ्याच बाकावर बसायचा. त्याची वस्ती गावापासून लांब, डोंगराच्या अंगाला. जमीन होती, पण पावसाच्या भरवशाची. दसरा झाला की त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे ते चैत्रात परत यायचे. तेवढे महिने घरात नवनाथ आणि त्याची धाकटी बहीण सिंधू, दोघंच. शेजारची काशीमावशी येता-जाता बघून जायची, तेवढाच आधार. कॅम्पला येताना सिंधूला त्यानं तिच्याकडंच ठेवलं होतं. सकाळी उठून भाकरी करायची, सिंधूची वेणी घालायची, तिला पहिलीच्या वर्गात सोडून मग आमच्या वर्गात यायचं, असा त्याचा दिवस. गावातल्या बाया त्याचं नाव काढून आम्हाला टोमणे मारायच्या. "शिका जरा त्या नवनाथकून. लई शहानं लेकरू." ते ऐकताना तो हसायचा नाही. वर्गात मोठ्या माणसाचा चेहरा एकट्या त्याचाच होता.

कॅम्पच्या पहिल्या दिवशी सरांनी आमच्या सात-आठ जणांच्या संघाला स्वयंपाकाचं काम दिलं. कुणीतरी म्हणालं, "सर, नवनाथला लई झ्याक भाकरी येती." नवनाथ उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "सर, मला चुलीम्होरं नका बसवू. घरी रोजचंच हाय."

सरांनी कळशी उचलून त्याच्या हातात दिली. मग म्हणाले, "बरं. तू पाणी आण. आणि मग जा, हुंदड."

आणि तो हुंदडला. आम्ही धुरानं डोळे चोळत कच्च्या-करपलेल्या भाकऱ्या थापत असू, तेव्हा नवनाथ चिंचेच्या शेंड्यावर बसून माकडासारखे आवाज काढत असे. तळ्यात तो मासळीसारखा पोहायचा. बुडी मारून कुणाचा तरी पाय ओढायचा आणि तो किंचाळला की खदाखदा हसायचा. त्याचं हसणं आम्ही तोवर ऐकलंच नव्हतं. शेकोटीपुढं त्यानं काशीमावशीची नक्कल केली तेव्हा सरांच्याही डोळ्यांत हसून पाणी आलं. सकाळी तो सगळ्यांत शेवटी उठायचा. त्याला हलवून हलवून उठवावं लागायचं.

काठ्या आणि सुतळी बांधून वस्तू करायच्या असा एक तास असे. कुणी चपलांचा स्टँड केला, कुणी झेंड्याची काठी. नवनाथनं कळशी ठेवायला घडवंची केली, कमरेइतकी उंच. हातानं दाबून दाबून बघितली आणि मला म्हणाला, "कारखाना बंद झालाय. आमी घरी जाऊस्तोवर आई आलेली आसंल. तिला आसली करून देतो. वाकावं लागत न्हाई बघ."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, त्याचा चुलता मोटारसायकलवर आला. आम्ही बिनभांड्याच्या स्वयंपाकात गुंतलो होतो. कणकेच्या वळ्या काठीला गुंडाळून विस्तवावर धरल्या होत्या. चुलत्यानं सरांना बाजूला नेलं. सर ऐकता ऐकता हळूहळू खाली बसले, मातीतच. मग त्यांनी नवनाथला हाक मारली, जवळ बसवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. नवनाथ उठला, आमच्याकडं न बघता तंबूपाशी गेला आणि खुंटीची दोरी सोडायला लागला.

मी धावत गेलो. "काय झालं रं?"

"आई गेली," तो म्हणाला. "वाटंवरच." आणि मग जरा थांबून, "तंबू सोडाय लाग."

दोरीची गाठ उन्हावाऱ्यानं घट्ट झाली होती. नखं लागत नव्हती. मी कोयती आणायला निघालो तर तो ओरडला, "तोडू नगं!" तेवढ्यात सर आले. राहू दे, असं ते म्हणाले नाहीत. ते त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि दोघांनी मिळून एकेक दोरी सोडवली, तंबू खाली घेतला, झटकून घडी घातली. काठ्यांवरची कणीक करपत होती.

हकिकत नंतर कळली. तोडीच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या आईला ताप येत होता. "आता थोडंच ऱ्हायलंय, घरी गेल्याव दवाखाना बघू," असं म्हणत तिनं तो अंगावर काढला. काम संपलं, बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं, आणि ती बोचक्यांना टेकून बसली. प्रवासात कधीतरी तिचा डोळा लागला असं सगळ्यांना वाटलं. उन्हातून नीट झोपली, म्हणून कुणी उठवलं नाही. गावाचा फाटा आल्यावर नवनाथच्या वडिलांनी हाक मारली तेव्हा कळलं.

बरोबर आलेल्या दुसऱ्या गुरुजींच्या ताब्यात बाकीचं पथक देऊन सरांनी कॅम्पचं सामान आणणारा टेम्पो काढायला लावला. चुलता म्हणाला, "सर, मी नेतो पोराला गाडीव. तुमी कशाला?" सर म्हणाले, "हा संघ एकत्र आला, एकत्र जाईल." आमच्या संघाच्या वाटणीचा शिधा, टोप, तवा त्यांनी टेम्पोत टाकला आणि आम्ही नवनाथभोवती दाटीवाटीनं बसलो. एवढ्या लांबच्या वाटेत त्यानं एकदाच तोंड उघडलं. "सिंधूला कोनी सांगितलं आसंल?"

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वस्तीवरची बहुतेक घरं बंदच होती. दारांपुढं दसऱ्याला लावलेल्या बाभळीच्या फांद्या तशाच होत्या. बाकीचे ट्रॅक्टर अजून वाटेत होते. नवनाथच्या वडिलांबरोबर आलेली तीन-चार बिऱ्हाडं तेवढी ट्रॉलीतून उतरलेली, सहा महिन्यांच्या धुळीनं माखलेली, घरात पाण्याचा थेंब नाही, कणग्यांत दाणा नाही. माणसं कमी होती म्हणून लाकडं आम्ही वाहिली. कॅम्पात रोज सरपण गोळा करायचो, तसंच. फरक इतकाच की कुणी शर्यत लावली नाही. ओढ्याकाठी नवनाथनं आईला अग्नी दिला. अंगात खाकी शर्ट तसाच होता. त्याचे वडील, आण्णा, बाजूला उभे होते. आपल्या हातात काय आहे, ते कुठं ठेवायचं, हे कळत नसल्यासारखे.

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. पण त्या संध्याकाळी शेजारच नव्हता. बायांनी आपली कुलपं नुकती काढलेली, त्यांच्या घरातही काही नव्हतं. त्या भिंतीला टेकून सुन्न बसल्या होत्या. काशीमावशी सिंधूला मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी आमच्याकडं बघितलं. काही सांगावं लागलं नाही.

घरापासून जरा लांब, कडुनिंबाखाली आम्ही तीन दगड मांडले. काशीमावशी म्हणाली, "लेकरांनो, पानी माझ्या रांजनातलं घ्या." आमच्या संघातल्या विठ्ठलनं पीठ मळायला घेतलं, मी थापायला बसलो, कुणी बेसन कालवलं, कुणी फुंकणीविना तोंडानंच फुंकर घालत राहिलं. तेवढ्यात नवनाथ आंघोळ करून आला. ओले केस, उघडं अंग. तो सरळ येऊन चुलीपुढं बसला आणि पिठाकडं हात नेला, रोजच्या सवयीनं.

विठ्ठलनं त्याचा हात धरला. "ऊठ तू. आण्णांपाशी जाऊन बस."

"करपंल तुमची."

"करपू दी. आज आमी."

तो उठला नाही. पण हातही पुढं केला नाही. आमच्या भाकऱ्या जाड झाल्या, कडा फाटल्या, दोन करपल्या. पिठल्यात मीठ घालायचं राहिलं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. ओट्यावर सगळ्यांना बसवून आम्ही वाढलं. आण्णांनी ताटाला हात लावला नाही. सरांनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडापाशी नेला. "खा. पोरांनी केलंय."

आण्णांनी घास घेतला. चावता चावता आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळे ओळीनं उभे होतो, काळ्या तोंडांचे, पिठाळ हातांचे. "ह्या लेकरांनी?" ते म्हणाले आणि डोक्याचा टॉवेल तोंडाला लावून असे रडले की शेजारी बसलेल्या बायांचाही बांध फुटला. सिंधूला भूक लागली होती. ती दीड भाकरी जेवली. नवनाथ तिच्याकडं बघत बसला होता आणि आपल्या ताटातलं पिठलं तिच्या ताटात सारत होता.

घरी परतल्यावर माझ्या आईनं मला जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर ती माझं ताट उचलायला वाकली, ते मी तिच्या हातातून घेतलं आणि मोरीत नेऊन घासलं. ती बराच वेळ दारात उभी राहून बघत होती. माझं बालपण नेमकं कुठं संपलं असं कुणी विचारलं, तर मी त्या मोरीकडं बोट दाखवीन. माझ्या वाट्याला ते मोठेपण असं हलक्या हातानं आलं. ताट घासण्याएवढंच. वडिलांच्या छपराखाली, आईच्या नजरेसमोर.

नवनाथला तशी सवलत नव्हती. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा तो आला. डोक्यावर नुकते उगवलेले केस. पुन्हा तोच मोठ्या माणसाचा चेहरा. सर त्याला मधल्या सुट्टीत बोलावून पुस्तकं द्यायचे, मराठीचे धडे वाचून घ्यायचे. आम्हाला वाटलं, सावरला.

दसरा जवळ आला तसा वस्तीवर मुकादम येऊन गेला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, वाहायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत घ्यायला कुणी राजी नसतं. सर मला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेले.

"आण्णा, पोराला नेऊ नका," सर म्हणाले. "हुशार आहे. दहावी होऊ द्या."

आण्णा जमिनीवर रेघा ओढत बसले होते. "मला का नको वाटतंय सर? पर रानात बघा काय हाय. आन अर्ध्या कोयत्याला कोन ठिवून घेतंय?"

सर पुन्हा बोलणार, तेवढ्यात आतून नवनाथ आला. "सर, म्या जातो," तो म्हणाला. "मोळी बांधाया येती मला. सिंधूचं तेवढं बघा. तिची शाळा सुटाया नको."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. त्या चौदा वर्षांच्या पोरानं विचार करून झालेला होता. सर उठले. वाटेत पार ओढ्यापर्यंत ते माझ्यापुढं चालत राहिले. मग थांबून पाठमोरेच म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो." मी पुढं झालो. वळून बघितलं नाही, पण ते कशासाठी थांबले होते ते मला कळत होतं.

सिंधूला सरांनी शेवगावच्या वसतिगृहात घातलं. ती शिकली, अंगणवाडीत लागली, तिच्या घरी सुखी आहे. सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी गेले. मी आयटीआय करून इथं नागापूरला कामाला लागलो, इथंच संसार झाला. आणि नवनाथ कोयत्यावरच राहिला. आधी वडिलांची जोडी, मग लग्न झालं तशी बायकोची जोडी. दर वर्षी दसऱ्याला जाणं, चैत्रात येणं.

ओमची परीक्षा संपल्यावर, गेल्या आठवड्यात, तो आला होता. पाठीचं दुखणं बळावलंय, नगरच्या दवाखान्यात फोटो काढायचा होता. बरोबर त्याची बायको, सुमन. माझ्याच वयाचा माणूस, पण केस पिकलेले, बसताना भिंतीचा आधार घेऊन टप्प्याटप्प्यानं खाली जाणारा. दवाखान्यातून आल्यावर आम्ही जेवायला बसलो. ओम आपल्या कॅम्पचं सांगायला लागला, कुठं जाणार, काय काय न्यायचं. नवनाथ घास हातात धरून ऐकत होता.

माझी बायको म्हणाली, "जाऊ दे एकदाचा. कॅम्पनं मुलं मोठी होतात म्हणतात."

"म्हणत्यात खरं, वैनी," नवनाथ म्हणाला. घास खाल्ला, पाणी प्यायला. "माझं उलटं झालं. मी लहान आसा तिथंच तेवढा हुतो."

सुमन ताटावरची मान वर करून त्याच्याकडं बघत होती, हा माणूस आज नव्यानं दिसल्यासारखी. "इतकी वर्सं झाली," ती म्हणाली, "मला कधी सांगितलं न्हाई तुमी ह्ये."

"त्यात काय सांगायचं," तो म्हणाला. "चार-सा दिवस तर हुते."